खर्ज आणि खर्च

पूर्वीं एखादें गाणें मुद्रित करावयाचें म्हणजे शहरांतील ध्वनिमुद्रणगृहाची पायरी चढावी लागे, तासाच्या हिशेबानें पैसे मोजावे लागत, आणि वर तेथील यंत्रज्ञाची मर्जीही सांभाळावी लागे. हल्लीं तेंच काम आठवी-नववींतला विद्यार्थी आपल्या घरीं पलंगावर बसून, खिशांतल्या फोनवर किंवा वडिलांच्या जुन्या संगणकावर करूं शकतो. आमच्या शाळेंतील कित्येक मुलामुलींनीं अशीं केलेलीं गाणीं आम्हीं ऐकलीं आहेत. त्यांत गळा असतो, चाल असते, क्वचित् शब्दही त्यांचे स्वतःचे असतात. आणि तरीही तें गाणें कोठें तरी पोकळ, अधांतरीं लोंबकळत असल्यासारखें वाटतें. कारण विचारलें असतां मुलें एका मुखानें सांगतात, “बेस नाहीं.” आणि लगेच दुसरें वाक्य येतें, “बेस गिटार घेतली पाहिजे.”

यांतील पहिलें वाक्य आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. दुसऱ्याशीं मात्र आमचा मतभेद आहे, आणि तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें सविस्तर मांडावा एवढ्याचसाठीं हा लेख. कारण या दुसऱ्या वाक्यापायीं घरोघरीं काय घडतें तें आम्ही पाहत आलों आहों. नवी बेस गिटार, तिला लागणारा ॲम्प्लिफायर, संगणकाला जोडावयाचा इंटरफेस, आणि मग खर्ज नीट ऐकूं यावा म्हणून एक भलामोठा स्पीकर, अशी यादी बापापुढें ठेवली जाते. ज्या घरीं शाळेच्या फीचा हप्ता काळजीनें भरला जातो, तेथें या यादीला एकच उत्तर मिळतें. आणि तें मिळाल्यावर मुलगा गिटारची आशा तर सोडतोच, पण गाणें करणेंही सोडतो. ज्या घरीं पैसा आहे तेथें यादी पुरी होते, वस्तु येतात, आणि सहा महिन्यांनीं त्या कपाटावर धूळ खात पडतात. कारण वस्तु आल्या तरी खर्ज आलेला नसतो. दोहोंकडे संगीताचें नुकसान सारखेंच. आमचें म्हणणें असें कीं, घरच्या ध्वनिमुद्रणांत खर्ज न येण्याचें कारण बहुधा पैशाची वाण हें नसून, खर्ज म्हणजे काय याविषयींचें अज्ञान हें असतें. आणि तें दूर करावयास एक पैसाही पडत नाहीं.

प्रथम थोडें आंकड्यांचें बोलूं. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असतां दर सेकंदास सुमारें ४१ कंपनें पावते. तिच्या पुढच्या तारा अनुक्रमें ५५, ७३ व ९८ कंपनांच्या. साध्या गिटारच्या जाड बाजूच्या चार तारा नेमक्या याच स्वरांच्या, फक्त एक सप्तक वर, म्हणजे दुप्पट कंपनांच्या असतात. तिची सर्वांत जाड तार ८२ कंपनांची. ही गोष्ट पुढें फार उपयोगीं पडणार आहे, म्हणून ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आतां हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर धांवतो. तेव्हां ४१ कंपनांच्या स्वराची एकच लाट आठ मीटरांहून अधिक लांब होते. आपली निजावयाची खोली दहा फुटांची, म्हणजे जेमतेम तीन मीटर. एवढ्याशा खोलींत खर्जाचे स्वर सारखे वागत नाहींत. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचें अंतर असेल, तर सुमारें ५६ कंपनांचा स्वर त्या भिंतींमध्यें घुमूं लागतो. कारण त्याच्या लाटेची अर्धी लांबी बरोबर त्या अंतराएवढी भरते. बेस गिटारची दुसरी तार ५५ कंपनांची. म्हणजे त्या तारेचा स्वर स्पीकरमधून निघाला कीं सारी खोली गुरगुरते, आणि आजूबाजूचे स्वर मात्र त्या मानानें मुके राहतात. त्यांतही गंमत अशी कीं, भिंतीला टेकून बसलें तर हा घुमारा फार, आणि खोलीच्या मधोमध बसलें तर तोच स्वर जवळजवळ नाहींसा. ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आपण नेहमीं दुसऱ्यास ऐकवितों. येथें मात्र अंगण खरोखरच वांकडें आहे, आणि बिचाऱ्या नाचणाऱ्यास उगाच बोल लागतो.

अशा खोलींत मोठा स्पीकर आणून ठेवणें म्हणजे वांकड्या अंगणांत नगारे आणून ठेवण्यासारखें आहे. त्यापेक्षां बसण्याची जागा बदलावी: भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर बसून ऐकलें तर पुष्कळ सुधारणा होते. कांहीं मुलें भिंतीवर गाद्या व गोधड्या टांगतात. त्यानें वरच्या स्वरांचा प्रतिध्वनि कमी होतो व गाणाराचा आवाज स्वच्छ येतो, हें खरें. पण खर्जावर त्यांचा परिणाम नाममात्र होतो, कारण आठ मीटरांच्या लाटेस चार बोटें जाडीची गादी म्हणजे कांहींच नव्हे. सर्वांत बरें म्हणजे कान झांकणारा साधा हेडफोन. त्याला खोलीच नसते. शिवाय रात्रीं शेजाऱ्यांची झोंप मोडत नाहीं, ही गोष्ट चाळींत राहणाऱ्यांस सांगावयास नकोच; खालचे स्वर भिंतींतून पलीकडे किती सहज जातात, हें लग्नसराईंत प्रत्येकास कळतें.

याच ठिकाणीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिरवणुकींतील ज्या आवाजानें खिडक्यांचीं तावदानें थरथरतात आणि छातींत धडधडतें, त्यालाच पुष्कळ मुलें ‘बेस’ म्हणतात व आपल्या गाण्यांत तो नाहीं म्हणून खंतावतात. तो नुसता दणका असतो. खर्जाचा स्वर कोणता आहे हें ज्यास गुणगुणून दाखवितां येत नाहीं, त्यानें खर्ज ऐकलाच नाहीं असें आम्ही समजतों.

मनुष्याच्या कानाचा एक विशेष मात्र गरिबाच्या फारच उपयोगाचा आहे. कोणत्याही वाद्याचा स्वर एकटा येत नाहीं. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर त्यांत मिसळलेले असतात. ५५ कंपनांच्या स्वरांत ११०, १६५, २२० असे पुढें चढत जाणारे उपस्वर असतात. यांतील मूळ स्वर कोणी काढून टाकला आणि नुसते उपस्वर ठेवले, तरी त्यांच्यामधील सारखें अंतर ओळखून आपली श्रवणशक्ति तो गळालेला स्वर मनांतल्या मनांत भरून काढते. हा शोध ऑर्गन बांधणाऱ्या कारागिरांनीं व्यवहारांत कधींचाच आणला आहे. अतिमंद्र स्वरांसाठीं ३२ फूट लांबीची नळी लागते; तेवढा पैसा नसेल किंवा देवळाचें छत तेवढें उंच नसेल, तर ते १६ फुटांची व तिच्या जोडीला १० फूट ८ इंचांची अशा दोन नळ्या एकदम वाजवितात, आणि ऐकणारास ३२ फुटी नळीचा भास होतो. तो भास अस्सल नळीइतका भरीव नसतो, पण खर्च आणि जागा यांच्या मानानें पाहतां तो क्षुद्रही नव्हे. दुसरी युक्ति नळीचें एक तोंड बंद करण्याची; बंद नळी तेवढ्याच लांबीच्या उघड्या नळीपेक्षां एक सप्तक खालीं बोलते. ज्यांनीं भव्य मंदिरांत ऑर्गन उभारले त्यांनाही काटकसर करावी लागली, मग आपण ती करण्यांत कमीपणा कसला?

फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ५५ कंपनांचा स्वर बाहेर पडतच नाहीं. दोनतीनशेंच्या खालचें बहुतेक सारें तेथें गळून जातें. तेथें ऐकूं येतात ते ३३०, ३८५, ४४० असे वरचे उपस्वर. आणि त्यांच्यामधील ५५ चें अंतर पाहून कान खर्जाची कल्पना करतो. म्हणून ज्या खर्जांत उपस्वर नाहींत, जो नुसता गोल व मऊ आहे, तो हेडफोनवर कितीही गोड लागला तरी मावशीच्या फोनवर नाहींसा होतो, आणि मग “ऐकूं येत नाहीं” म्हणून मुलगा तो वाढवीत सुटतो. येथें वाढविणें हा उपाय नव्हे. त्या खर्जास किंचित् कर्कशपणा, ज्यास ध्वनिमुद्रणवाले ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात, तो अगदीं पुसट असा द्यावा. त्यानें उपस्वर उत्पन्न होतात, आणि खर्ज न वाढवितांही उठून येतो. ही सोय फुकट मिळणाऱ्या बहुतेक साधनांत असते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बेस गिटार नसतां खर्जाचा स्वर आणावयाचा कोठून? आम्ही वर सांगितलेंच आहे कीं साध्या गिटारच्या चार तारा त्याच स्वरांच्या, फक्त एक सप्तक वर. मग त्या वाजवून नंतर एक सप्तक खालीं उतरवाव्या, हें ओघानेंच आलें. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ हा अमेरिकेंतील दोघांचाच वाद्यवृंद. त्यांत एक गिटार व एक ढोल एवढेंच, बेस वाजविणारा कोणी नव्हता. त्यांच्या २००३ सालच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ या गाण्याच्या आरंभीं जो खर्ज ऐकूं येतो, तो जॅक व्हाइट यांनीं साध्या गिटारचा स्वर पायांखालच्या एका यंत्रानें सप्तकभर उतरवून काढलेला आहे. फुटबॉलच्या मैदानांवर हजारों लोक जी चाल तोंडानें म्हणतात ती हीच; आणि तींत बेस गिटार मुळींच नाहीं!

आपणांस तें यंत्रही नको. ‘ऑडॅसिटी’ नांवाचें संगणकावरील साधन कोणासही विनामूल्य घेतां येतें. त्यांत स्वर बदलण्याची सोय आहे. तेथें बारा अर्धस्वर खालीं असें सांगितलें कीं सप्तक उतरतें आणि लय तशीच राहते. याहून आम्हांस आवडणारा मार्ग थोडा कष्टाचा आहे, तो असा: गाणें ज्या लयींत आहे तिच्या दुप्पट लयींत खर्जाची ओळ साध्या गिटारवर वाजवून मुद्रित करावी, आणि मग त्या मुद्रणाची गति निम्मी करावी. लय मूळपदावर येते, स्वर बरोबर एक सप्तक खालीं जातो, आणि तारेचा झंकार लांबून एखाद्या मोठ्या वाद्यासारखा वाटूं लागतो. फितीच्या काळापासूनची ही युक्ति आहे. यांत आणखी एक लाभ आहे, जो सहसा कोणी सांगत नाहीं. फोनचा मायक्रोफोन फार खालचे स्वर धड टिपत नाहीं. पण आपण त्याला ८२ कंपनांचा स्वर ऐकवितों आणि तो ४१ वर नेतों तो नंतर. जें यंत्राला ऐकूं येत नाहीं तें त्याला ऐकावयास लावावेंच लागत नाहीं. मात्र एका वेळीं एकच तार वाजवावी. दोन स्वर एकदम उतरविले तर चिखल होतो. नखाऐवजीं आंगठ्याच्या मऊ भागानें वाजवावें, आणि ब्रिजजवळ तारांखालीं भांडीं घासावयाच्या नव्या स्पंजाचा एक तुकडा सरकवून ठेवावा. स्वर आंखूड व जाडसर होतो.

गिटारही नाहीं, असें घर असेल. पण महाराष्ट्रांत पेटी नाहीं असा मोहल्ला मिळणें कठीण. पेटींत खर्ज, नर व मादी असे सुरांचे संच असतात, आणि ज्या पेटींत खर्जाचा संच आहे तिच्यांत आपलें निम्में काम कारागिरानेंच करून ठेवलें आहे. फोन भात्याच्या बाजूस ठेवूं नये, कारण वाऱ्याची फुसफुस स्वरापेक्षां मोठी येते. तबल्याचा डग्गा हा तर आपल्याकडील खर्जाचा राजा आहे. मनगटाच्या दाबानें त्याचा घुमारा वरखालीं हलवितां येतो, ही गोष्ट पाश्चात्य बेसवाल्यांसही हेवा वाटण्याजोगी आहे. तो गाण्याच्या षड्जाशीं जुळवून घेतला आणि फोन त्याच्यापासून एखाद दीड वीत दूर ठेवला, कीं पुष्कळ भावगीतांना दुसरा खर्ज लागतच नाहीं.

आणि मनुष्याचा गळा? आठवी-नववीच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो. जो कालपर्यंत समूहगीतांत पुढें उभा असे तो मागें सरकतो, मग येईनासा होतो. “आतां माझ्याच्यानें गाववत नाहीं,” असें तो म्हणतो व आपणही त्याला तसें म्हणूं देतों. चार आवाजांच्या गायनांत सर्वांत खालची ओळ अशाच आवाजांसाठीं असते. वर्षभर थांबून आवाज स्थिर झाला कीं या मुलांस एकएकटें बोलावून सर्वांत खालचा जो स्वर सहज लागतो तो धरावयास लावावा. अशीं तीन मुलें एका फोनसमोर उभीं राहून नुसता ‘ऊ’कार लांबवूं लागलीं तर जो खर्ज उभा राहतो, तो पैशानें मिळणारा नव्हे. आपले गवई पहांटे उठून खर्जाची साधना करीत, तें मिळालेल्या आवाजाचा पाया रुंद करण्यासाठींच.

ज्यांस हातानें कांहीं घडविण्याची हौस आहे त्यांनीं आणखी एक गोष्ट करून पाहावी. इंग्लंडांत १९५० नंतरच्या दशकांत तरुण पोरांमध्यें ‘स्किफल’ नांवाच्या संगीताची लाट आली होती. पोरांजवळ पैसा नव्हता. तेव्हां आपल्याकडून व सिंहलद्वीपांतून तिकडे जाणारी चहाची लांकडी पेटी पालथी घालून तिला झाडूचा दांडा लावीत, दांड्याच्या टोंकापासून पेटीच्या मध्यापर्यंत एक दोरी बांधीत, आणि दांडा मागेंपुढें ओढून दोरी कमीजास्त ताणीत स्वर काढीत. लिव्हरपूलजवळील वुल्टन येथील चर्चच्या जत्रेंत ६ जुलै १९५७ रोजीं ‘क्वारीमेन’ नांवाचा पोरांचा जथा वाजविण्यास आला होता, त्यांतील खर्ज या चहाच्या पेटीचाच होता. त्याच दिवशीं जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची गांठ पडली, व पुढें त्यांतून ‘बीटल्स’ झाले. ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. यल्लमाच्या जोगत्यांचें चौंडकें पाहा. एका तोंडास कातडें, त्यांतून ओढलेली तांत, आणि हातानें ती ताणून बदलणारा स्वर. तत्त्व एकच आहे.

संगणकांतील तयार खर्जाविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हल्लीं बहुतेक मुलें तिकडेच धांवतात. ‘एलएमएमएस’, ‘सर्ज’ यांसारखीं साधनें उघडपणें विनामूल्य आहेत. ॲपलच्या फोनवर ‘गॅरेजबँड’ पैसे न देतां मिळतें. तेव्हां महागडीं साधनें चोरून, कुलपें मोडून वापरण्याची जी संवय मुलांस लागते तिला कसलीच सबब उरत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. पालकांसही विनंति कीं, “फुकट मिळालें” असें मुलानें सांगितलें तर कसें मिळालें हें एकवार विचारावें.

यंत्राचा खर्ज हलका असतो, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. जपानच्या रोलंड कंपनीनें एकट्यादुकट्या गिटारवाल्यास साथ मिळावी म्हणून ‘टीबी-३०३’ नांवाचें खर्जाचें छोटें यंत्र काढलें होतें. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळींच येत नसे. तें खपलें नाहीं आणि १९८४ सालीं त्याचें उत्पादन बंद पडलें. मग तींच यंत्रें जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलीं. शिकागोंतील कांहीं तरुणांनीं त्याच्या कळा मनास येतील तशा फिरवून जो आवाज काढला, त्यांतून १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या तबकडीपासून नृत्यसंगीताचा एक नवा संप्रदायच सुरू झाला. त्याच्याही पांच वर्षें आधीं, १९८२ त, मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं हेंच यंत्र घेऊन त्यावर रागांच्या सुरावटी बसविल्या होत्या व ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या नांवानें त्यांची तबकडी काढली होती. तेव्हां तिकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. २०१० त ती पुन्हां निघाली तेव्हां जगभर नवल झालें. आमचा आक्षेप यंत्रास नसून, यंत्रानें पुढें केलेला पहिला आवाज तसाच उचलण्याच्या आळसास आहे.

येथवर स्वर आणावयाचा कसा हें झालें. पण आमच्या मतें सर्वांत मोठा घोटाळा आणलेल्या स्वराचें काय करावयाचें येथें होतो. मुलांस वाटतें कीं खर्ज सतत वाजला पाहिजे. अमेरिकेंत डेट्रॉइट येथें १९६० नंतरच्या दशकांत मोटाउन कंपनीच्या शेंकडों गाण्यांना खर्ज देणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटानें वाजवीत, तारा वर्षानुवर्षें बदलीत नसत, आणि त्यांचें वाद्य बहुधा सरळ मुद्रणाच्या मेजास जोडलेलें असे. जुन्या तारा आणि एक बोट! त्यांचें नांवही त्या तबकड्यांवर छापलें जात नसे. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पासून तें दिसूं लागलें. पण त्यांचें वाजविणें लक्ष देऊन ऐका. गाणारा दम घेतो तेथें ते बोलतात, गाणारा बोलतो तेथें आंवरून धरतात.

आपल्या गाण्यांत आणखी एक विवेक लागतो. पाश्चात्य गीतांत खालचा स्वर बदलला कीं वरची सारी इमारत त्याप्रमाणें रंग बदलते, आणि तो रंगबदलच त्यांस हवा असतो. आपली चाल रागाच्या अंगानें जाणारी असेल तर षड्ज हलतां कामा नये. तेथें खर्जानें उगाच या स्वरावरून त्या स्वरावर उड्या मारल्या तर भूपाचा भूप राहत नाहीं. म्हणून अशा गाण्यांत सा, प आणि फार तर रागांत असल्यास म, एवढ्यावर खर्जानें समाधान मानावें, आणि समेवर ठाम पाऊल टाकावें. ज्या मुलास सम सांपडत नाहीं त्याला जगांतील कोणतीही बेस गिटार ती शोधून देणार नाहीं. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत गोव्याकडील वादकांनीं डबल बेस व तत्सम वाद्यें हिंदुस्थानी चालींखालीं इतक्या बेमालूम बसविलीं, कीं आपण तीं गाणीं जन्मभर गुणगुणतों आणि खालीं काय चाललें आहे याचा पत्ताही लागत नाहीं. एकदां तीं गाणीं हेडफोन लावून, गाणाराकडे मुद्दाम दुर्लक्ष करून ऐकावीं. फुकटची शिकवणी आहे.

मिसळणीच्या वेळीं खर्जास जागा करून द्यावी लागते, हेंही थोडक्यांत सांगून ठेवतों. गाणाराच्या आवाजांत, पेटींत, गिटारींत सर्वत्र थोडीथोडी घरघर खालच्या बाजूस सांचलेली असते: पंख्याची, रस्त्यावरच्या रिक्षांची. ज्या वाद्याचें काम वरचें आहे त्याच्यांतील सुमारें ८० ते १०० कंपनांच्या खालचा भाग कापून टाकावा. खर्ज न वाढवितांही तो एकाएकीं स्वच्छ दिसूं लागतो, जसा अंगणांतला केर काढल्यावर रांगोळीचा रंग दिसतो. डग्गा आणि गिटारचा खर्ज दोन्ही असतील तर दोघांनीं एकाच क्षणीं एकाच जागीं बसूं नये.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. मुलानें यादी पुढें ठेवली कीं “नाहीं” असें म्हणूं नये आणि “घे” असेंही म्हणूं नये. वरील फुकटच्या साधनांनीं त्यानें एका सहामाहींत तीन गाणीं पुरीं करून दाखवावीं, असें सांगावें. ज्यास दोन दिवसांची हौस होती तो पहिल्याच गाण्यांत थांबेल, व पैसे वांचतील. जो तिसरें गाणें घेऊन येईल त्याला मात्र मग अडवूं नये. कारण उतरविलेला स्वर कितीही बेमालूम असला तरी जाड तारेखालीं बोट दुखल्यानें जें कळतें तें त्यानें कळत नाहीं, आणि तें त्याला कळण्याची वेळ तेव्हां आलेली असते. अभ्यासाचें काय, असें कोणी विचारील. ज्या मुलास लाटेची लांबी कंपनसंख्येवरून काढण्याची गरज पडली आहे, त्याच्या पदार्थविज्ञानाची काळजी आम्हांस वाटत नाहीं.

घ्यावयाची ती जुनी घ्यावी, आणि फोनला नाहीं तरी संगणकाला सरळ जोडतां येईल एवढा एक लहान इंटरफेस तिच्याबरोबर, ॲम्प्लिफायर नको. पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ त हॅम्बुर्ग येथें जी हॉफनर बेस गिटार घेतली ती सुमारें ३० पौंडांची, कारण नांवाजलेली फेंडर त्यांस परवडत नव्हती. तिच्यावर त्यांनीं पुढें काय काय वाजविलें तें जगजाहीर आहे. (ती १९७२ त चोरीस गेली होती, आणि ती परत मिळाल्याची वार्ता २०२४ त आली.) तिच्या तारांची लांबी सुमारें ३० इंच होती, नेहमींच्या बेस गिटारची ३४ असते. लहान हातांच्या मुलामुलींस हीच आंखूड जात सोयीची पडते.

जुनी वस्तु पाहावयास जातांना मुलाबरोबर एखाद्या जाणत्यास न्यावें. सुतार फळी पाहतो तशी डोळ्यापुढें धरून मान सरळ आहे कीं पिळली आहे हें पाहावें. पिळलेली मान सुधारत नाहीं. तारा जुन्या असल्या तर घाबरूं नये, जेमर्सन यांच्याही तशाच होत्या. पण गंजून चरचरत असल्या तर नव्या तारांची किंमत मूळ किंमतींतून वजा करावी, कारण बेसच्या तारा साध्या गिटारच्या तारांहून पुष्कळ महाग असतात. वायर लावून ती हलवावी. खरखर आली तर तें खोबण बदलणें स्वस्ताचें काम आहे. शेवटीं प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर नुसतें बोट टेकवून छेडावी व मग तेथेंच दाबून छेडावी. दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. न जुळल्यास ब्रिजवरील खिळा फिरवून जुळतात का तें पाहावें, आणि तरीही न जुळल्यास दुकानदारानें किंमत कितीही उतरविली तरी रिकाम्या हातानें घरीं यावें.